वडोदऱ्यात घर, प्लॉट, टेनामेंट: टोकन देण्याआधी आणि दस्तावेज झाल्यावर

सुरसागर_पश्चिम
२ ऑगस्ट २०२५, सकाळी ९:१०

दर पंधरा दिवसांनी इथे कुणीतरी विचारतं, "टेनामेंट आवडलंय, मालक टोकन मागतोय, देऊ का?" उत्तरं दहा धाग्यांत विखुरली आहेत, म्हणून हा एकच धागा. (टेनामेंट म्हणजे सोसायटीतलं स्वतंत्र घर, टोकन म्हणजे सौदा पक्का करायची आगाऊ रक्कम, दस्तावेज म्हणजे विक्रीचा नोंदलेला लेख.) नियम गुजरातचे आहेत. पुण्याचा मामा मुद्रांकाचे जे दर आणि ज्या सवलती सांगतो, त्या इथे लावू नका.

सुरुवात कागदांच्या लायकीपासून. वेरा बिल म्हणजे कॉर्पोरेशनने घरपट्टी कुणाकडे मागायची याची नोंद. त्यावर नाव आहे म्हणून घर त्याचं ठरत नाही. लाइट बिलाचं तर नावच काढू नका. ७/१२ आणि प्रॉपर्टी कार्ड या महसुली नोंदी. त्यांवरून माग काढता येतो, पण नुसत्या नोंदीने मालकी येत नाही आणि जातही नाही. मालकी हलते ती नोंदणी झालेल्या दस्तावेजाने. संपत्ती हस्तांतरण कायदा १८८२, कलम ५४: शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत लेखानेच होते. त्याच कलमात पुढे असंही आहे की विक्रीचा करार, म्हणजे आपलं बानाखत, मिळकतीत स्वतःहून कुठलाही हक्क निर्माण करत नाही. बानाखताने मिळतो तो समोरच्याकडून दस्तावेज करून मागण्याचा हक्क.

"पॉवर दिली, पैसे घेतले, किल्ली दिली, झाला सौदा" हा प्रकारही यातच आला. सूरज लॅम्प खटल्यात ११ ऑक्टोबर २०११ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की मुखत्यारनामा, करार आणि मृत्युपत्र अशी तिकडी जोडून मालकी हलत नाही.

आता टोकन. टोकन द्या, पण पावतीवर चार गोष्टी लिहून घ्या: मिळकतीचं पूर्ण वर्णन, ठरलेली एकूण किंमत, सर्च रिपोर्ट (जुन्या नोंदींच्या तपासणीचा वकिलाचा अहवाल) स्वच्छ निघाला नाही तर टोकन किती दिवसांत परत, आणि पैसे कुठल्या बँक खात्यातून कुठल्या खात्यात गेले. रोखीने नको. स्थावराच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा जास्त रोख घेणं आयकर कायदा १९६१ च्या कलम २६९एसएसमध्ये बसत नाही आणि जेवढी रोख घेतली तेवढाच दंड घेणाऱ्याला बसू शकतो. म्हणजे धोका विकणाऱ्यालाही आहे, हे त्यालाही सांगा. बोलणं सोपं होतं.

टोकननंतर वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च. मग वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, सात ते पंधरा दिवसांची. वडोदऱ्यात ती गुजराती पेपरात द्या. इंग्रजी पेपरातली नोटीस ज्यांनी वाचायला हवी ते वाचत नाहीत. हे दोन्ही होईपर्यंत बानाखतावर सही नाही.

---

हक्कपत्रक
२ ऑगस्ट २०२५, सकाळी १०:४५

चांगलं केलंत. ७/१२ कसा वाचायचा ते मी लिहितो, कारण लोक वरचं नाव बघतात आणि कागद घडी करून ठेवतात.

तीन नमुने लागतात. गाव नमुना ७/१२, खात्याचा ८-अ, आणि नमुना ६ म्हणजे हक्कपत्रक. खरी गंमत ६ मध्ये आहे. ७/१२ वर जे नोंद क्रमांक असतात त्यांतला एकेक घ्या आणि त्याची नमुना ६ ची प्रत काढा. प्रत्येक नोंद म्हणजे जमिनीच्या आयुष्यातली एक घटना: वेचाण (विक्री), वारसाई, हक्क कमी, वाटणी, बोजा (कर्ज) दाखल, बोजा मुक्त, बिनखेती (बिगरशेती) हुकूम. नोंदीच्या शेवटी ती मंजूर झाली, नामंजूर झाली की तकरारी (वादातली) आहे हे लिहिलेलं असतं. वेचाणाची नोंद पडली पण नामंजूर झाली, असं दिसलं की तिथेच थांबून कारण शोधा. बहुतेक वेळा कारण नवी शर्त, नाहीतर एखाद्या वारसाचा वांधा असतो.

एनीआरओआर या गुजरात सरकारच्या जमीन-नोंदींच्या वेबसाइटवर हे फुकट दिसतं. संगणकीकरणाआधीचे हाताने लिहिलेले ७/१२ आणि नोंदीही स्कॅन करून ठेवल्या आहेत, त्या वेगळ्या पर्यायात सापडतात. पडद्यावर दिसतं ते बघण्यापुरतं. वापरायला ई-धरा केंद्राची (जमीन-नोंदींचं सरकारी केंद्र) सही-शिक्क्याची प्रत किंवा डिजिटल सहीची प्रत घ्या.

सत्ताप्रकाराचा (जमीन कुठल्या अटीवर धरली आहे त्याचा) रकाना चुकवू नका. "जुनी शर्त" असेल तर ठीक. "नवी शर्त" किंवा "प्रतिबंधित सत्ताप्रकार" असेल तर कलेक्टरची परवानगी आणि प्रीमियम भरल्याशिवाय विक्री नाही. गणोतियाला (कुळाला) मिळालेल्या जमिनीत गणोत (कूळ) कायद्याचं कलम ४३ आड येतं. आदिवासी खातेदाराची जमीन असेल तर महसूल कायद्याचं कलम ७३एए. आणि शेतजमीन असेल तर गणोत कायद्याचंच कलम ६३: बिनशेतकऱ्याला घेता येत नाही. कोकणातला किंवा खानदेशातला सातबारा दाखवून इथे शेतजमीन घेता येईल असं गृहीत धरू नका, आधी मामलतदार कचेरीत लेखी विचारा.

शहरात सिटी सर्व्हे झालेल्या भागात ७/१२ ऐवजी प्रॉपर्टी कार्ड असतं. वाचायची पद्धत तीच, नोंदी मागे मागे काढत जायच्या.

---

भायली_सी_टॉवर
२ ऑगस्ट २०२५, दुपारी १२:३०

भायलीत बांधकाम चालू असलेला फ्लॅट बघतोय. बिल्डरच्या ऑफिसात म्हणतात २० टक्के भरा, बानाखत पुढच्या महिन्यात करू. आणि किमतीचा काही भाग "वरून", म्हणजे कागदाबाहेर रोखीने. ७/१२ वर बिल्डरचं नाव नाही, तिसऱ्याच कुणाचं आहे. पळून जाऊ की थांबू?

---

सुरसागर_पश्चिम
२ ऑगस्ट २०२५, दुपारी १:१५

@भायली_सी_टॉवर, पळू नका, पण २० टक्केही देऊ नका.

रेरा (बिल्डरांच्या प्रकल्पांवर नियंत्रणाचा) कायदा २०१६, कलम १३: नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डर किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त घेऊ शकत नाही. घेतो म्हणाला तर पुढचा प्रश्न विचारायची गरज नाही, गुजरेराच्या (गुजरातच्या रेरा प्राधिकरणाच्या) साइटवर प्रोजेक्टचा नंबर टाका. तिथे मंजूर नकाशा, जमिनीचे टायटल, बोज्याची माहिती, दर तिमाहीची प्रगती आणि फ्लॅटचा कार्पेट एरिया (आतली वापरायची जागा) मिळतो. आपल्याकडे भाव सुपर बिल्टअपवर (भिंती आणि सामायिक जागेचा वाटा धरून) सांगतात. कराराला कार्पेटच लागतो, तेव्हा दोन्ही आकडे शेजारी लिहा आणि कार्पेटवर प्रत्यक्ष दर किती पडतो ते काढा. १,२०० फुटांचा म्हणून विकलेला फ्लॅट कार्पेटमध्ये ७०० च्या आसपास निघाला तर दचकू नका, पण दर त्या ७०० वर मोजा.

"वरून" दिलेल्या पैशांचं एकच सांगतो. प्रोजेक्ट रखडला तर कलम १८ खाली व्याजासह परतावा मिळतो तो कागदावरच्या रकमेवर. बिल्डरच्या खासगी वहीतल्या रकमेला व्याजही नाही आणि मुद्दलही नाही.

७/१२ वर दुसऱ्याचं नाव असणं यात नेहमीच घोटाळा नसतो. जमीनमालक आणि बिल्डर यांच्यात विकास करार असतो, तो नोंदलेला आहे का आणि त्यात बिल्डरला विकायचा अधिकार दिलाय का ते बघा. तुमच्या करारावर जमीनमालकाचीही सही असली पाहिजे, स्वतःची नाहीतर नोंदणीकृत मुखत्यारामार्फत.

बीयू, म्हणजे बिल्डिंग युज परवानगी, मिळेपर्यंत जीएसटी लागतो, ५ टक्के. किंमत ४५ लाखांपर्यंत आणि कार्पेट ९० चौरस मीटरपर्यंत असेल तर १ टक्का. बीयू आल्यानंतर पहिल्यांदा विकलेल्या फ्लॅटवर जीएसटी नाही. बीयू टॉवरनिहाय येऊ शकते, म्हणून "स्कीमची बीयू आली" यावर न जाता तुमच्या टॉवरचं नाव त्यात वाचा.

---

हक्कपत्रक
२ ऑगस्ट २०२५, दुपारी २:०५

भायलीबद्दल जोड. भायली, सेवासी, बिल, वेमाली, उंडेरा, करोडिया, वडदला ही गावं २०२० मध्ये कॉर्पोरेशनमध्ये आली. त्याआधीच्या इमारतीची रजा चिठ्ठी (बांधकाम परवानगी) वुडाची, म्हणजे वडोदरा शहरी विकास प्राधिकरणाची, असायला हवी. पंचायतीचं आकारणी पत्रक दाखवून "परवानगी आहे" म्हणतात, ते कराचं पत्रक आहे, बांधकामाची परवानगी नव्हे.

प्लॉट घेणाऱ्यांनी टीपी, म्हणजे नगररचना योजनेचं, बघा. नगररचना योजनेत मूळ सर्व्हे नंबरला ओपी (मूळ प्लॉट) नंबर मिळतो आणि कपात होऊन एफपी, अंतिम प्लॉट, मिळतो. रस्ते, बाग, सार्वजनिक सोयी आणि प्राधिकरणाने विकायची जमीन मिळून साधारण ४० टक्क्यांपर्यंत जातं. ७/१२ अजून जुनं क्षेत्र दाखवत असतो. १,००० मीटर दाखवून विकतात आणि हातात ६०० येतात, शिवाय जागाही कधी दोन शेतं पलीकडे. एफ फॉर्म (ओपी-एफपीचा तक्ता) आणि पार्ट प्लॅन (त्या भागाचा नकाशा) मागा, योजना ड्राफ्ट आहे की प्रिलिमिनरी की फायनल ते विचारा आणि दस्तावेजात सर्व्हे नंबर, ओपी, एफपी तिन्ही लिहा. टीपीत पडलेल्या बाहेरच्या भागांत यानेच जास्त भांडणं होतात.

---

मांजलपूर_टेनामेंट
३ ऑगस्ट २०२५, सकाळी ८:२०

जुन्या सोसायटीत टेनामेंट आहे. विकणाऱ्या काकूंकडे अलॉटमेंट लेटर आणि शेअर सर्टिफिकेट आहे, दस्तावेज नाही. सेक्रेटरी म्हणतात, "बेन, इथे सगळी घरं अशीच गेली." बरोबर आहे का?

---

चौथी_सही
३ ऑगस्ट २०२५, सकाळी ९:५०

ताई, सेक्रेटरी खरं बोलतायत आणि अडचण तिथेच आहे. सगळी घरं अशीच गेली म्हणून सगळ्यांची साखळी अर्धी आहे.

आधी जमीन कुणाच्या नावे आहे ते पाहा: सोसायटीच्या नावाने खरेदीचा दस्तावेज आहे का, प्रॉपर्टी कार्डावर सोसायटीचं नाव आहे का. मग पहिल्या सभासदापासून काकूंपर्यंत शेअर सर्टिफिकेटच्या मागच्या बाजूची प्रत्येक बदली, प्रत्येक वेळचा कमिटीचा ठराव, आणि मेलेल्या सभासदाच्या जागी वारस आले असतील तर पेढीनामा (वारसांची वंशावळ). यातला एक दुवा गळाला की बँक कर्जाला नाही म्हणते. नंतर तुम्ही विकायला काढाल तेव्हा हेच तुमच्यासमोर येईल.

मुद्रांकाचा प्रश्न यावेळी थोडा हलका झालाय. अलॉटमेंट लेटर आणि शेअर सर्टिफिकेटवर हललेल्या सोसायट्यांच्या मिळकतींना मूळ मुद्रांकात ८० टक्क्यांपर्यंत माफी द्यायचा निर्णय गुजरात सरकारने २०२५ मध्ये जाहीर केला. मागचं मुद्रांक काकूंनी नियमित करून घ्यावं आणि त्यानंतर तुमच्या नावे रीतसर वेचाण दस्तावेज व्हावा. हा खर्च कुणाचा हे बानाखतात लिहा. तोंडी ठरलं तर दस्तावेजाच्या दिवशी वाद ठरलेला.

सोसायटीची ट्रान्स्फर फी: सरकारने मर्यादा घातली आहे, व्यवहाराच्या ०.५ टक्के किंवा १ लाख, जे कमी ते. वारसाच्या नावे होताना फी नाही. "डेव्हलपमेंट फंड"च्या नावाखाली तीन लाख मागितले तर लेखी मागणी करा म्हणावं. लेखी म्हटलं की आकडा उतरतो.

---

जुना_वाडा
३ ऑगस्ट २०२५, सकाळी ११:३०

दांडिया बाजाराजवळ आजोबांच्या नावचा वाडा. दोन काका, तीन आत्या. काकांचं म्हणणं आत्यांची लग्नं १९९० च्या आधी झाली, त्यांच्या सह्या नकोत. एक भाडेकरू पण आहे, ६० वर्षांपासून.

---

चौथी_सही
३ ऑगस्ट २०२५, दुपारी १२:१०

काका चुकतायत, आणि दोन्ही बाजूंनी चुकतायत.

आजोबांनी स्वतःच्या कमाईतून वाडा घेतला असेल आणि मृत्युपत्र न करता गेले असतील, तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासूनच मुलगी पहिल्या वर्गातली वारस आहे, मुलाइतकीच. वाडा वडिलोपार्जित असेल तर ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीने मुलगी जन्मापासून सहदायाद (मुलासारखीच हिस्सेदार), आणि विनीता शर्मा खटल्यात ११ ऑगस्ट २०२० ला सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की त्यासाठी वडील २००५ मध्ये हयात असण्याची अट नाही. लग्न कधी झालं याचा कशाशीच संबंध नाही. अपवाद एकच, २० डिसेंबर २००४ च्या आधी नोंदणीकृत वाटणीने किंवा कोर्टाच्या हुकमाने वाटप झालं असेल तर.

आत्यांना हिस्सा नको असेल तर त्यांनी नोंदणीकृत हक्कसोड करायची. तलाठ्यापुढे "मला काही नको" असा जबाब दिला किंवा नोटरीकडे साध्या कागदावर सही केली, त्याने हिस्सा जात नाही. आत्या हयात नसेल तर तिची मुलं सही करतील, आणि पेढीनाम्यात त्यांची नावं आलेली असली पाहिजेत. पेढीनाम्यातून एखादं नाव गाळणं हा सगळ्यात सामान्य आणि सगळ्यात महाग प्रकार.

मृत्युपत्र असेल तर वडोदऱ्यातल्या मिळकतीसाठी प्रोबेट (मृत्युपत्राला कोर्टाची मान्यता) सक्तीचं नाही. मुंबईच्या नातेवाइकांचं ऐकून उगाच कोर्टात जाऊ नका. मात्र एखाद्या वारसाने हरकत घेतली तर विकत घेणाऱ्याचा वकील प्रोबेट मागेल, ते त्याचं बरोबर आहे.

भाडेकरू: वाडा विकला तरी भाडेकरू तसाच राहतो, नवा मालक त्याचा मालक होतो. रिकामा ताबा हवा असेल तर भाडेकरूची लेखी सोड, रक्कम आणि तारीख हे सगळं विक्रीच्या आधी. "तो निघून जाईल हो" ही अट दस्तावेजात लिहिता येत नाही.

---

हक्कपत्रक
३ ऑगस्ट २०२५, दुपारी १२:४०

आणि जुन्या शहराला अशांत धारा. १९९१ चा कायदा. अधिसूचित भागात मिळकत हलवायला कलेक्टरची आधी परवानगी लागते, नाहीतर हस्तांतरण रद्दबातल. सब-रजिस्ट्रार परवानगीशिवाय दस्त घेतही नाही. अर्जाला दोन्ही बाजूंची प्रतिज्ञापत्रं, स्वखुशीने आणि वाजवी किमतीत विकतोय हे म्हणणं, पंचनामा, शेजाऱ्यांचे जबाब, पोलिसांचा अभिप्राय. वेळ जातो. बानाखताची मुदत तीन महिन्यांची ठेवलीत आणि परवानगी पाचव्या महिन्यात आली तर समोरचा भाव वाढवून मागतो. म्हणून मुदत "परवानगी मिळाल्यापासून ४५ दिवस" अशी लिहा. दोन्ही पक्ष एकाच धर्माचे असले तरी परवानगी लागतेच, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. आपला पत्ता यादीत आहे का ते वॉर्ड आणि सर्व्हे नंबर घेऊन अधिसूचनेत तपासा, गल्लीच्या नावावर विसंबू नका.

---

वेराबिल_काकू
३ ऑगस्ट २०२५, दुपारी ४:००

आता पैशांचं. ६२ लाखांचं टेनामेंट धरू आणि जंत्रीची (सरकारी दरपत्रकाची) किंमत त्याहून कमी आहे असं धरू.

मुद्रांक ४.९ टक्के (३.५ मूळ आणि त्यावर ४० टक्के सरचार्ज, म्हणजे १.४): ३,०३,८०० रुपये. नोंदणी फी १ टक्का: ६२,०००. टीडीएस १ टक्का: तोही ६२,०००. हे दोन ६२ हजार एकच समजून एक विसरणारे लोक असतात. पहिले तुमच्या खिशातून जातात, दुसरे विकणाऱ्याच्या पैशातून कापून तुम्ही सरकारला भरता, म्हणजे त्याला हातात ६१,३८,००० मिळतात.

खरेदीदार फक्त बाई असेल, किंवा सगळ्या बायका असतील, तर नोंदणी फी माफ. नवऱ्याचं नाव जोडलं की माफी गेली. मुद्रांक मात्र माफ नाही. कर्जासाठी नवऱ्याचं उत्पन्न लागत असेल तर त्याला सहकर्जदार ठेवता येईल का, हे बँकेला आधी विचारा.

जंत्री: मुद्रांक लागतो तो दस्तावेजातली किंमत आणि जंत्रीची किंमत यांतल्या जास्तीवर. २०११ चे दर १५ एप्रिल २०२३ पासून दुप्पट झाले, फ्लॅटच्या एकत्रित दराला राहण्यासाठी १.८ पट आणि ऑफिसला १.५ पट. नोव्हेंबर २०२४ मध्ये नवा मसुदा हरकतींसाठी आला, तेव्हा दस्ताच्या दिवशीचा दर गरवी (गुजरातच्या नोंदणी खात्याच्या) साइटवर परत बघा.

टीडीएसमध्ये जिथे लोक फसतात: किंमत ४८ लाख आणि जंत्री ५१ लाख असेल तर "५० लाखांच्या आत आहे" म्हणून सुटका नाही, टीडीएस ५१ वर. दोन खरेदीदार आणि दोन विकणारे असतील तर २६क्यूबी (टीडीएस भरायचा फॉर्म) चार. पैसे दिलेल्या महिन्याच्या अखेरीपासून ३० दिवसांत भरायचा, आणि बानाखताच्या वेळी दिलेल्या हप्त्यावरही तेव्हाच कापायचा. उशिराला दिवसाला २०० रुपये. विकणाऱ्याचा पॅन नसेल तर २० टक्के. विकणारा परदेशात राहत असेल तर हा १ टक्का विसरा, आयकर कायदा १९६१ चं कलम १९५ लागतं, टॅन (कर कापणाऱ्याचा नंबर) काढावा लागतो आणि कापायची रक्कम लाखांत जाते. अमेरिकेतल्या मुलाच्या नावचा फ्लॅट वडील विकत असतील तर हे पहिल्याच भेटीत विचारा.

---

मकरपुरा_रोड
३ ऑगस्ट २०२५, रात्री ८:१५

काकू, विकणाऱ्याच्या करावर पण लिहा ना. दोन पर्याय आहेत म्हणतात, १२.५ की २०?

---

वेराबिल_काकू
३ ऑगस्ट २०२५, रात्री ९:०५

चोवीस महिन्यांहून जास्त ठेवलं तर दीर्घ मुदतीचा नफा. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेली मिळकत असेल आणि विकणारा इथला रहिवासी असेल तर इंडेक्सेशनशिवाय (खरेदी किंमत महागाईच्या निर्देशांकाने न वाढवता) १२.५ टक्के किंवा इंडेक्सेशन लावून २० टक्के, जो कर कमी येईल तो.

२००४-०५ मध्ये ६ लाखांना घेतलं, २०२५-२६ मध्ये ६२ ला विकलं. निर्देशांक ११३ वरून ३७६, म्हणजे खरेदी किंमत १९.९६ लाख धरायची. नफा ४२.०४, २० टक्क्यांनी कर ८.४१ लाख. इंडेक्सेशन न लावता नफा ५६, १२.५ ने ७ लाख. इथे १२.५ स्वस्त.

तेच २०१४-१५ मध्ये ४० लाखांना घेतलं असेल तर: निर्देशांक २४०, सुधारित किंमत ६२.६७ लाख, नफाच नाही. १२.५ ने मात्र २.७५ लाख. इथे इंडेक्सेशन. म्हणून कुणी सरसकट एक पर्याय सांगितला की त्याला खरेदीचं वर्ष विचारा. दोन्हीवर सेस वेगळा.

आजोबांच्या काळातलं घर असेल तर १ एप्रिल २००१ ची बाजारकिंमत मूल्यांकनकाराकडून काढून घ्या. घर विकून घर घ्यायचं तर आयकर कायदा १९६१ चं कलम ५४: एक वर्ष आधी किंवा दोन वर्षांत खरेदी, बांधायचं तर तीन वर्षं. बाँड घ्यायचे तर सहा महिन्यांत, ५० लाखांपर्यंत, पाच वर्षं अडकतात.

---

चौथी_सही
४ ऑगस्ट २०२५, सकाळी १०:२०

दस्तावेजाचा दिवस राहिला. गरवीवर माहिती भरून वेळ घ्या. १ ऑक्टोबर २०१९ पासून छापील स्टँप पेपर गुजरातेत बंद आहेत, ई-स्टँपच. त्यावरची दोन्ही पक्षांची नावं, रक्कम आणि मिळकत स्वतः वाचा आणि सर्टिफिकेट नंबर साइटवर तपासून घ्या. मिळकतीचे ५ बाय ७ इंचांचे फोटो दस्ताला लागतात. उघड्या प्लॉटच्या फोटोवर १ एप्रिल २०२४ पासून अक्षांश-रेखांशही हवेत, कारण बांधलेलं घर मोकळा प्लॉट म्हणून दाखवून मुद्रांक वाचवायचे. दोन साक्षीदार ओळखपत्रासह. फोटो आणि अंगठ्याचे ठसे तिथेच घेतात.

सही झाल्यापासून चार महिन्यांत नोंदणीला सादर करायचा. त्यानंतर आणखी चार महिने दंड भरून, नोंदणी फीच्या दहापटीपर्यंत. "सही करून ठेवू, मुहूर्तावर नोंदवू" यात पितृपक्ष, अधिक मास आणि मुलाची परीक्षा धरली की मुदत जाते.

विकणाऱ्याचं कर्ज चालू असेल तर अस्सल कागद बँकेत असतात. बँकेकडून बाकीचं पत्र घ्या, तेवढ्या रकमेचा डीडी थेट त्या बँकेच्या कर्जखात्याच्या नावाने, उरलेली रक्कम विकणाऱ्याला. कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत बँकेने कागद परत द्यायचे असतात, उशीर केला तर दिवसाला ५,००० रुपये, हा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे. बोजा मुक्तीची नोंद ७/१२ किंवा प्रॉपर्टी कार्डावर आणि सेरसाईवर (तारणांच्या केंद्रीय नोंदवहीत) झाली का ते स्वतः बघा.

दस्तानंतर महसुली नोंद पडते, महसूल कायद्याच्या कलम १३५-ड ची नोटीस निघते, ३० दिवस हरकतींसाठी. या ३० दिवसांत नोटीस विकणाऱ्याच्या जुन्या पत्त्यावर जाऊन परत आली की नोंद लटकते, म्हणून त्याचा आत्ताचा पत्ता दस्तात लिहा. वेरा, मध्य गुजरात वीज आणि गॅसचं नाव त्यानंतर.

---

मांजलपूर_टेनामेंट
४ ऑगस्ट २०२५, दुपारी ३:४०

सगळ्यांचे आभार. शेवटचं एक. काकूंचं नाव शेअर सर्टिफिकेटवर माहेरचं, आधारवर सासरचं आणि पॅनवर आणखी तिसरंच स्पेलिंग आहे. दस्त कुठल्या नावाने?

---

चौथी_सही
४ ऑगस्ट २०२५, दुपारी ४:२५

पॅनवरच्या नावाने, कारण टीडीएस त्यावरच जाणार. पुढे "उर्फ" करून बाकीची दोन्ही नावं, आणि तिन्ही एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र लग्नाच्या दाखल्यासह दस्ताला परिशिष्ट म्हणून जोडा. सुटं ठेवू नका, हरवतं. पॅनमधलं स्पेलिंग आत्ताच दुरुस्तीला टाका म्हणावं, बानाखताच्या आधी. दस्तात चुकून वेगळं छापलं गेलं तर दोघांनी परत जाऊन चूकदुरुस्तीचा लेख नोंदवावा लागतो, आणि तोपर्यंत काकू मुलाकडे राहायला गेलेल्या असतात.